दुसरा रकाना

जत,
२० एप्रिल २०२६

सिद्धू,

'चिरंजीव' लिहिणार होते, पण हात वळला नाही.

पत्र बघून तोंड वाकडं करू नकोस. काल तीनदा फोन केला. पहिल्यांदा "हो बाई, बघतो बाई" म्हणालास, दुसऱ्यांदा "गिऱ्हाईक आहे बाई", तिसऱ्यांदा उचललाच नाहीस. फोनवरचं बोलणं हवेत जातं, मग कोण काय म्हणालं त्याचा पत्ता लागत नाही. आता जे असेल ते कागदावर. मी लिहीन, तू लिहून उत्तर दे. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात पत्रलेखन शिकलायस, अगदीच विसरला नसशील.

लॅपटॉप तुझ्या दुकानात दिला तेव्हा तक्रार एवढीच होती की फार हळू चालतो, आणि पेन्शनची वेबसाइट उघडली की 'तुमची सिस्टिम जुनी आहे' अशी पट्टी येते. तू म्हणालास, "बाई, जुन्या सिस्टिमला आता आधार राहिला नाही. डिस्क बदलतो, नवी सिस्टिम टाकतो, पळायला लागेल." पळायला लागला खरा. माझं सगळं घेऊन पळाला.

झाकण उघडलं की कुठल्यातरी तळ्याचं चित्र येतं. मग चार आकडी पिन मागतो. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, मी कोण ते मी सांगायचं. डाव्या कोपऱ्यातलं बटण मधे येऊन बसलंय. प्रिंटर जोडला तर म्हणतो, असा कुणी सापडत नाही, आणि प्रिंटर हातभर अंतरावर हिरवा दिवा लावून बसलेला. हे सगळं मी सोसलं असतं. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलीत.

पण मग पुस्तकाची फाइल उघडली. एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, मधे चौकोन, मधे प्रश्नचिन्हं. दोनशे अकरा पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत हेच.

कसलं पुस्तक ते मी तुला दुकानात सांगितलं होतं, पण तू स्क्रू काढत होतास. पुन्हा सांगते. आपल्या वस्तीवरच्या शाळेत पोरं येतात ती घरी कन्नड बोलणारी. पुस्तक मराठी, बाई मराठी. पोर तोंड उघडत नाही आणि बाईला वाटतं मठ्ठ आहे. त्या पोरांसाठी आणि त्या बायांसाठी मी अठ्ठावीस वर्षं शब्द गोळा केलेत, दोन हजार सहाशे चाळीस. यंदा शाळेत समीक्षा म्हणून नवी बाई येतेय, साताऱ्याकडची, कोरेगावची. चोवीस वर्षांची पोरगी, कन्नडचा गंध नाही, आणि पहिलीत चौदा मुलं. पंधरा जूनला शाळा उघडते. त्याच्या आधी हे पुस्तक तिच्या हातात ठेवीन असं मी तिला सांगून बसलेय.

तू काय केलंस ते लिहून कळव. आणि कसं दुरुस्त करणार तेही.

शकिला मुल्ला


सांगली,
२४ एप्रिल २०२६

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

पत्र मिळालं. बऱ्याच वर्षांनी पेन हातात धरलंय. चुका असतील तर लाल शाईनं गोल करून परत पाठवाल हे माहीत आहे.

एक. फाइल कुठंही गेलेली नाही. तुम्ही टायपिंगला जो मराठी फॉन्ट वापरत होता तो कुठल्यातरी जुन्या टायपिंग क्लासच्या सीडीवरचा आहे. तो जुन्या सिस्टिममध्ये होता, नव्यात नाही. तसला फॉन्ट नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात. व्हायरस नाही, फाइल खराब नाही. आजकाल असले फॉन्ट कुणी वापरत नाही, बाई.

दोन. पिन म्हणजे तुमचं जन्मसाल. तशी चिठ्ठी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवली होती. प्रिंटर जुना आहे, त्याचं नवं सॉफ्टवेअर शोधून टाकावं लागेल. तोवर लॅपटॉप मधेमधे काहीतरी विचारेल. घाबरू नका, येस दाबत जा.

तीन. राग मानू नका, पण काम सुरू करायच्या आधी मी विचारलं होतं, "बाई, काही खास फॉन्ट, खास सॉफ्टवेअर आहे का?" तुम्ही म्हणालात, "खास काही नाही, तू कर." आता सगळा दोष माझ्यावर टाकताय. दिवसाला आठ-दहा मशीन हाताखालून जातात. प्रत्येकाच्या पोटात काय आहे ते मला कसं कळणार?

सकाळच्या जत-सांगली गाडीच्या कंडक्टरकडे बॅग द्या. मी स्टँडवर उतरवून घेतो. आठ दिवसांत करून देतो.

आपला विद्यार्थी,
सिद्धार्थ


जत,
२७ एप्रिल २०२६

सिद्धू,

बॅग कंडक्टरकडे देतेय, सोबत ही चिठ्ठी.

'खास काही नाही' असं मी म्हणाले असेन. माझ्यासाठी मराठी अक्षर ही खास गोष्ट नाही, रोजची आहे. तुझ्या धंद्यात ती खास झाली असेल तर तसं फळ्यावर लिहून लावायचं.

फक्त अक्षरं परत आण. बाकी कशालाही हात लावू नकोस. आणि हजेरीपटावर तू सिद्धाप्पा होतास. सिद्धार्थ कधी झालास?

शकिला मुल्ला


सांगली,
५ मे २०२६

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

काम झालं. तुमची सगळी फाइल नव्या फॉन्टमध्ये आणली आहे. आता ती कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीतच दिसेल. आणखी वीस वर्षांनी उघडली तरी दिसेल. प्रिंटरही चालू केला आहे, एक पान काढून बघितलं.

एकच अडचण होती. मधल्या रकान्यात सगळा कचरा होता, तो कशानंही बदलेना. मराठी शब्द आणि तिसऱ्या रकान्यातली मराठी वाक्यं व्यवस्थित आली, मधलं तेवढं तसंच राहिलं. म्हणून तो रकाना उडवून टाकला. फाइल हलकी झाली, पानंही दोनशे अकराची एकशे साठ झाली. समीक्षा बाईंना धरायला सोपं जाईल.

नाव दुकानाच्या पाटीसाठी बदललं. लोकांना म्हणायला सोपं जातं.

आपला,
सिद्धार्थ


जत,
८ मे २०२६

सिद्धाप्पा,

तू मधला रकाना उडवलास.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, घरात दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले आणि परत बसले. शाळेत असते तर आज तुला वर्गाबाहेर काढलं असतं.

अरे, शब्दकोशात एकच भाषा असते काय? 'पाणी' लिहिलंय, 'मेंढी' लिहिलंय, 'ताक' लिहिलंय, 'आजी' लिहिलंय. हे मराठी शब्द समीक्षाला येत नाहीत म्हणून मी लिहून ठेवले काय? शेजारी काहीतरी असणार एवढी अक्कल पहिलीतल्या पोराला असते. त्या रकान्यात कन्नड होतं. वस्तीवर बोलतात ते. मराठी अक्षरातच लिहिलेलं, पण वेगळं दिसावं म्हणून मी त्याला दुसरा फॉन्ट दिला होता, तोही जुनाच. तुझ्या यंत्राला एक ओळखता आला, दुसरा आला नाही. आणि तू काय म्हणालास? कचरा. तुझी आई जन्मभर जे बोलत आलीय त्याला तू कचरा म्हणालास आणि वर मला लिहितोस, धरायला सोपं जाईल.

आता पुढचं ऐक. माझ्याकडे पेनड्राइव्हवर एक प्रत होती. परवा तुझी फाइल बघितल्यावर मी तो लावला. लॅपटॉपनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. तुझं पत्र समोरच होतं, "घाबरू नका, येस दाबत जा." मी येस दाबलं. त्यानं परत विचारलं, मी परत येस दाबलं. आता पेनड्राइव्ह उघडतो आणि आत काहीच नाही. शेजारच्या अश्फाकला दाखवला. तो म्हणाला, "खाला, त्यानं सगळं पुसू का विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात." जन्मभर मुलांना सांगत आले, प्रश्न समजल्याशिवाय उत्तर देऊ नका. म्हातारपणी तुझं ऐकलं.

वह्या म्हणशील तर दोन ट्रंका होत्या. पाच वर्षांपूर्वी वाळवीनं खाल्ल्या. टायपिंग पुरं झालं होतं म्हणून तेवढं तरी वाचलं होतं. शब्द देणारी निम्मी माणसं आज जमिनीखाली आहेत. मला आता एका कानानं ऐकू येत नाही. हे सगळं मी परत कुठून आणू?

तुझ्याकडे माझी जुनी डिस्क असेल. ती जशी असेल तशी परत पाठव. उद्याच्या उद्या.

शकिला मुल्ला


सांगली,
१३ मे २०२६

बाई,

आदरणीय न्हाई, सादर न्हाई. चार पानं तुमी मला झोडपलं. आता माझं ऐका. लाल पेन बाजूला ठिवून ऐका.

जुनी डिस्क मी पुसली आणि दुसऱ्या मशीनला लावली. आमच्या धंद्यात तसंच करत्यात. गिऱ्हाईक मशीन घिऊन गेलं, आठ दिवसांत काय वरडलं न्हाई, की जुना माल पुसायचा. तुमी वरडला ते फॉन्टसाठी. मला वाटलं फाइल तर नव्या डिस्कवर हाय. ती काय आता परत येत न्हाई. येस दाबा हे मी लिवलं, ती माझी चूक. मूळ फाइलची प्रत न ठिवता रकाना उडवला, ती माझी चूक. दोन झाल्या.

आता तिसरी पण सांगतो. मला कळलं हुतं. 'मेंढी'च्या शेजारी काय असणार, 'आजी'च्या शेजारी काय असणार, ते मला तिसऱ्या पानावरच कळलं. तुमाला विचारायला फोन हातात घेतला. दुकानात दोघं बसले हुते, रोजच्या उठण्याबसण्यातले. मला सांगलीत सोळा वर्सं झाली. माझ्या घरी काय बोलत्यात ते हितं कुणालाच म्हाईत न्हाई. "बाई, ते कन्नड हाय का?" एवढं त्यांच्यासमोर तोंडातनं काढायचं हुतं. निघालं न्हाई. फोन ठिवला आणि रकाना उडवला. म्हटलं, गेला तर जाऊ दे.

का, ते तुमाला म्हाईत असायला पायजे. न्हाई तर मी सांगतो.

मी पहिलीत हुतो. शाळा लागून महिना झाला असंल. माझ्या पोटात कळा येत हुत्या. उभा राहिलो. तुमी म्हणाला, काय रे? मी म्हटलं, होट्टी नोयतद. तुमी म्हणाला, नीट बोल. मी परत तेच म्हटलं, मला दुसरं येतच नव्हतं. पोरं हसली. तुमाला वाटलं मी चेष्टा करतोय. तुमी पट्टी घेतली, तळहातावर चार दिल्या आणि व्हरांड्यात उभा केलं. तितंच मी वकलो. दप्तरावर, पाटीवर, नव्या चड्डीवर. सहा वर्साचा हुतो, बाई.

त्या दिवसापास्नं शाळेत मी कन्नडचा एक शब्द काढला न्हाई. मग मी तुमचा लाडका झालो. पाढे पाठ, कविता पाठ, अक्षर मोत्यासारखं. तुमी सगळ्या वर्गाला सांगायचा, सिद्धूकडं बघा. लग्नात बायकोच्या माणसांना मी सांगितलं, आई जरा कमी बोलती. माझी सृष्टी आता सात वर्साची हाय. आजीकडं नेली की दोघी एकमेकींकडं बघून हसत्यात आणि गप बसत्यात. माझी पोरगी आणि माझी आई, आणि दोघींच्या मधी एक शब्द न्हाई.

आणि तुमी मला लिवता, आईच्या भाषेला कचरा म्हणालास. म्हणालो. पण पहिल्यांदा कोण म्हणालं ते बी लिवा.

तुमचं पुस्तक कुणासाठी हाय ते मला कळलं. माझ्यासाठी तवा कुणी केलं न्हाई. लॅपटॉप दुसऱ्या कुणाला दाखवा. परत पत्र पाठवू नका.

सिद्धू


जत,
२४ मे २०२६

सिद्धाप्पा,

पत्र पाठवू नका म्हणालास, तरी पाठवतेय. तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्या दोन्हींत मी स्वतःची बाजू मांडली होती. वर्गात साठ पोरं, चार इयत्ता एका खोलीत, मी एकटी. ते सगळं खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

मारलं होतं. विसरले नाही. तुला वाटलं मी विसरले असेन, आणि ते तुझ्या पत्रात वाचून मला जास्त राग आला. तुझा नाही, माझा. माझं बालपण माधवनगरचं. अब्बा मिलमध्ये कामाला. घरी आम्ही दखनी बोलायचो. शाळेच्या पहिल्या दिवशी मी गुरुजींना म्हटलं, "पानी होना", आणि सगळा वर्ग खिदळला. सबंध दिवस मी तहानलेली बसले. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर समजू शकते, मला कळायला हवं होतं. आजही ती पट्टी आठवली की अंगाची आग होते.

पत्रासोबत एक पान जोडलंय. वाळवीनं ट्रंका खाल्ल्या तेव्हा पहिली वही त्यात नव्हती. ती माझ्या कपाटात साड्यांखाली असते. तिच्यातल्या थोड्याशा शब्दांनी पुस्तक होत नाही, म्हणून तुला बोलले नव्हते. तिचं पहिलं पान फाडून पाठवतेय. वहीचं पान फाडलं म्हणून मी मुलांना उठाबशा काढायला लावल्यात.

पानावर काय आहे ते तू वाचशील. ते तिथं कसं आलं ते मात्र तुला माहीत नाही. मार खाल्लास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई, रंगव्वा, शाळेत आली. मेंढरं बाहेर लिंबाखाली उभी केली आणि सरळ वर्गात शिरली. मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नव्हतं. तिनं माझा हात धरला, स्वतःच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "होट्टी." मग तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "नोयतद." आणि मला म्हणायला लावलं. एकदा नाही, चारदा. तुला चार पट्ट्या दिल्या होत्या ते तिला कुणीतरी सांगितलं असणार. मी चारही वेळा म्हटलं, तेव्हा तिनं हात सोडला.

त्यानंतर दर बाजाराला रंगव्वा मला भेटायची. दहा-बारा शब्द सांगायची, मी लिहायची, मग ती तेल-मीठ घेऊन वस्तीवर परत जायची. पहिले सातशे शब्द तिचे आहेत. तुला सांगायचं नाही असं तिनंच मला बजावलं होतं. पोराला वाटेल आई बाईकडे चुगल्या करायला जाते, मग शाळा सोडील, असं तिला वाटायचं. तू उडवलेला रकाना त्या बाईनं मला सांगितलेला आहे.

पंधरा जूनला बावीस दिवस उरलेत. माझ्याच्यानं होणार नाही. रंगव्वाच्यानं होईल, पण तिच्यासमोर बसून विचारणारं कुणीतरी हवं, आणि तुला काय येतं ते मला माहीत आहे. लॅपटॉप अठ्ठावीस तारखेला सकाळच्या गाडीनं पाठवतेय. घ्यायचा असेल तर घे. नसेल तर स्टँडवर पडू दे.

शकिला

(सोबतचं पान)

८ जुलै १९९८
१. पोट – होट्टी.
पोट दुखतंय – होट्टी नोयतद.
सिद्धाप्पा, इयत्ता पहिली. काल त्याला विनाकारण मारलं.


वस्ती,
११ जून २०२६

बाई,

बॅग घ्यायची नाही असं ठरवूनच स्टँडवर गेलो होतो. बघून यायचं, एवढंच. कंडक्टरनं ती चौकशीच्या खिडकीत ठेवली होती आणि खिडकीतला माणूस तिच्यावर डबा ठेवून जेवत होता. त्याचा डबा बाजूला केला आणि बॅग उचलली. तुमचं पान तोवर खिशातच होतं.

दुकान बंद करून सृष्टीला घेऊन इकडं आलो. आईला पान वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती पेटली. म्हणाली, तू रकाना उडवलास म्हणजे काय केलंस ते मला दाखव. दाखवला. रकाना होता त्या जागी तिनं बोट टेकवलं. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची आणि ताट आपटायची. मी म्हटलं, अव्वा, चूक झाली. तर म्हणाली, दर बाजाराला सहा मैल चालत जायची मी, तुला वाटलं मीठ आणायला जाते. तिसऱ्या दिवशी अंगणात घोंगडं टाकून बसली आणि म्हणाली, वाच.

मी मराठी शब्द वाचतो. त्याचा अर्थ तिला कन्नडमध्ये समजावून सांगावा लागतो, आणि तिथंच माझं घोडं अडतं. माझी जीभ जड झालीय, बाई. 'कुंपण' सांगायला मी अंगणात हात पसरून गोल पळालो. आई पोट धरून हसली. सृष्टी शेजारी बसून आधी नुसती बघायची. आता आई शब्द सांगते, तो आधी सृष्टी म्हणते, मग मी टाइप करतो. काल दोघी भांडत होत्या. कशावरून ते मला नीट कळलं नाही, पण भांडत होत्या.

लॅपटॉपनंही छळायचं सोडलं नाही. पाचशेच्या आसपास होतो, मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि पडदा निळा करून बसला. 'अपडेट होत आहे, बंद करू नका.' पाऊण तास. आई विचारते, हे कोण तुला गप्प बसवणारं? दुकानात मी गिऱ्हाइकाला हसत सांगतो, थांबा जरा, होतंय. त्या दिवशी मला ते मशीन विहिरीत टाकावंसं वाटलं. अपडेट थांबवून ठेवलंय. दर पन्नास शब्दांना तीन ठिकाणी प्रत ठेवतो. पेनड्राइव्ह लावला की काय विचारतोय ते आधी वाचतो.

काही शब्द आईला येत नव्हते, कुंभाराचे आणि लग्नातले. त्यासाठी पलीकडच्या वस्तीवरच्या बनुबाईंकडं गेलो. सिद्धार्थ म्हटलं तर ओळखेनात. सिद्धू म्हटलं तरी ओळखेनात. रंगव्वाचा सिद्धाप्पा म्हटल्यावर चहा ठेवला.

दोन हजार सहाशे एकोणचाळीस झाले. एक राहिलाय. ओळ दोन हजार सहाशे बावीस, मराठी रकान्यात 'चुकलं, माफ करा'. त्याला आई शब्दच सांगेना. तिला येतो. मलाही येतो, आत्ता टाइप करू शकतो. तर तिनं माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "ते बाईला येतंय. त्या दिवशी वर्गात मला म्हणाली होती, मीच शिकवलं होतं. माझं झालं. तुझं राहिलंय. ते तिलाच भरू दे."

माझा राग गेलेला नाही, बाई. कमी झाला असेल, पण गेलेला नाही, आणि तुमच्याशी खोटं लिहायचं नाही म्हणून सांगतो. तुमचं पान परत पाठवणार नाही, ते माझ्याकडं राहील. ती एक ओळ कोरी असताना पुस्तक छापणार नाही. चौदाला संध्याकाळी प्रिंट काढायची आहे, पंधराला सकाळी समीक्षा बाईंना शाळेत नेऊन देतो. तोवर कळवा.

सिद्धाप्पा


जत,
१३ जून २०२६

सिद्धाप्पा,

हे पत्र अश्फाक मोटारसायकलवरून आणून देईल. त्याला चहा दे.

रंगव्वा बरोबर बोलली. तिला मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, कारण ती माझ्यासमोर उभी होती. तू तर रोजच समोर असायचास, तिसऱ्या बाकावर. चार वर्षं. अठ्ठावीस वर्षं मी शब्द गोळा करत बसले आणि एका पोराला म्हणायचा तेवढा शब्द म्हटला नाही. पुस्तक केलं की फिटेल असं वाटायचं. फिटलं नाही.

ओळ दोन हजार सहाशे बावीस. दुसऱ्या रकान्यात लिही: तप्पात री.

नुसतं 'तप्पात'ही चालतं. 'री' मोठ्या माणसाला लावतात, हे तुझ्या आईनंच मला शिकवलं. तू तो गाळू नकोस. समीक्षाला नीट समजावून सांग की आपली चूक झाली तर पहिलीतल्या पोरालासुद्धा 'री' लावूनच म्हणायचं.

आणि टाइप करायच्या आधी एकदा मोठ्यानं वाच, रंगव्वाला ऐकू जाईल असं.

तप्पात री, सिद्धाप्पा.

शकिला